पार्बताबाईचा विडा

त्या दिवशी माझ्याकडे काम एकच होतं. अकोटहून करिश्माला घ्यायचं, बाळापुरातून गफ्फारभाईंना घ्यायचं आणि चारच्या आत रिसॉर्टवर पोचायचं. साधं काम. तारीखही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की काकांनी अंधारात काहीतरी ठोकून दिलं. एकतीस डिसेंबर दोन हजार बावीस, शनिवार.

प्रीतम, तो मोबाइलचा उजेड बंद कर बाबा. लाइट गेली आहे तर जाऊ दे. अर्ध्या अमरावतीची गेली आहे, तुझ्या एकट्याचाच अभ्यास बुडत नाही. आणि तुम्ही बाकीचे गच्चीच्या कठड्यावरून उतरा, इकडे सतरंजीवर या. क्लासच्या नावाखाली माझ्या घरात राहता, उद्या कुणी खाली पडलं तर तुमच्या आईबापाला तोंड मला दाखवायचं आहे.

तर तुम्ही मला घरमालक म्हणून ओळखता. पण हा मोतीराम तीस वर्षं ऑर्केस्ट्राचा निवेदक होता. माइकवर शुद्ध बोलायची सवय, त्यामुळे आजही गोष्ट सांगायला बसलो की जीभ कपड्यांना इस्त्री करून बाहेर पडते. माणसं मात्र जशी बोलली तशीच सांगीन. आणि ही गोष्ट माझी नाही, करिश्माची आहे. मी तिथे होतो इतकंच. होतो तेही फार काही शौर्याने नाही. ते येईलच पुढे.

बाळापूरच्या पुढे, पातूर रस्त्याला धर्मेंद्रशेठ म्हणून एका माणसाने रिसॉर्ट काढला होता. नाव ‘लहर बीच’. हसू नका. धर्मेंद्रशेठ मित्रांबरोबर पाच दिवस गोव्याला गेला आणि परत येऊन म्हणाला, आपल्या वऱ्हाडात सगळं आहे, फक्त समुद्र नाही. मग त्याने समुद्र केला. दोन एकरांचं तळं खणलं, तळाला निळं प्लास्टिक टाकलं, लाटा काढायचं मशीन बसवलं. मशीन दमादमाने गुडघाभर लाट काढायचं. काठाने प्लास्टिकची नारळाची झाडं, गवती छपराच्या झोपड्या, पोपटी फुलांचे शर्ट घातलेले वेटर. नारळाच्या झाडांत स्पीकर लपवलेले, त्यांतून संध्याकाळपासून लाटांचा आवाज. आणि किनारा म्हणून साठ ट्रक वाळू. ती कुठून आणली हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

दिवस मावळला की अकोला, खामगाव, शेगावहून गाड्या यायच्या. काठीखालून वाकून जायचा खेळ, पेटत्या मशाली फिरवणारा माणूस, साबणाच्या फेसातला नाच, आणि वाळूवरच्या स्टेजवर आमचा बँड. बायका साड्या खोचून वाळूत पाय पसरून बसायच्या. शुद्ध नाटक होतं सगळं, पण मला ते आवडायचं, खरं सांगतो. ज्याला आयुष्यात समुद्र दिसायचा नाही त्याने शनिवारी दोन तास लाटेचा आवाज ऐकला तर कुणाच्या बापाचं काय गेलं? रात्री सगळे गेले की वेटर लोक लांब दाताळी घेऊन अख्खी वाळू ओढून सारखी करायचे. सकाळी पाहावं तर वाळूवर नुसत्या बारीक सरळ रेघा. चिमणी उतरली तरी तिची नखं दिसावीत.

तिथे आधी पायल गायची. इथलीच, राजापेठेकडची. गोड गळा. कोजागिरीनंतरच्या शनिवारी ती रात्री अर्ध्या कार्यक्रमातून घरी आली आणि तेव्हापासून तिचा आवाज गेला. घसा बसला नव्हता, आवाजच गेला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, म्हणाले गळ्यात काही नाही. पायल मग एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसू लागली. फोन वाजला तर शेजारचीला खूण करायची.

करिश्मा तिची मैत्रीण. करिश्मा तेलगोटे, अकोटची, चोवीस वर्षांची. बाप जिनिंगमध्ये कामाला, आई अंगणवाडीत, आणि घरात गाणं तीन पिढ्यांचं. लहर बीचवर गायला ये म्हणून तिला बोलावणं आलं तेव्हा ती आधी पायलकडे गेली. पायलने कागदावर लिहून दिलं: ‘बाराच्या आत माइक सोड. ती विचारते. मी गप्प राहिले.’

त्या दुपारी ओमनीत बसल्या बसल्या करिश्माने मला तो कागद दाखवला. मी वाचला आणि गाडी बाजूला घेतली.

“बाई, आताच सांग. परत फिरायचं का?”

“नाई, काका.”

“अगं, पायलचा आवाज गेला. तुझा गेला म्हणजे?”

“माह्यापाशी दुसरं हाय तरी काय, काका? शेत नाई, नोकरी नाई. गळा हाय.” कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये टाकली. “पन लग्नात डीजे, जयंतीत डीजे, गनपतीत डीजे. माह्यासारखीनं गावं कुठी? एक ह्या खोट्या समुद्रावर जागा उरली. तिथूनबी कोनी उठवून राहिलं तं मी उठू? काहून उठू?”

मी गाडी सुरू केली. दुसरं काय करणार?

बाळापुरात गफ्फारभाई रस्त्यावरच उभे होते. अब्दुल गफ्फार, ढोलकीवाले, तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. बगलेत ढोलकी, खिशात पितळी पानाचा डबा. वऱ्हाडात त्यांच्या तोडीचा ठेका मी ऐकला नाही. त्यांची एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकायची. आम्ही वाजवणारे लोक स्टेजवर चढताना पायातलं काढतो. गफ्फारभाईही दुसरीकडे काढायचे. फक्त लहर बीचवर ते बूट घालूनच वाळू ओलांडायचे आणि बूट घालूनच ढोलकीला बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “रेत ठंडी लगती है.” मे महिन्यात म्हणाले होते.

रिसॉर्टवर धर्मेंद्रशेठने मला एका झोपडीमागे घेतलं.

“मोतीरामभाऊ, बाराच्या ठोक्याले हॅपी न्यू इयर म्हना अन् माइक बंद. मंग सारे हालमंधी डीजेवर. वाळूवर एक सूर नाई पाह्यजे.”

“काहून, शेठ?”

“काहून बिहून नाई. नाई पाह्यजे म्हंजे नाई पाह्यजे.” मग आवाज खाली आणून, “अन् ते तेलगोटे बिलगोटे नाव नका घेऊ. लोकं गोवा पाह्याले येऊन राहिले. मिस रोझी म्हना. थेट गोव्याहून.”

आणि मी म्हटलं, पोरांनो. इथेच माझं शौर्य कळतं तुम्हाला. सात वाजता, भरल्या वाळूसमोर, माझ्या या खणखणीत आवाजात मी म्हटलं, “टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करू या, थेट गोव्याहून आलेल्या मिस रोझी यांचं!”

करिश्मा आली. निळी साधी साडी, गळ्यात शेठने घालायला लावलेली प्लास्टिकच्या फुलांची माळ. तिने माइक माझ्या हातातून घेतला, माळ काढून माइकच्या दांडीला अडकवली.

“मी रोझी नाई,” ती म्हणाली. “मी करिश्मा तेलगोटे. अकोटची. गोवा मी पाह्यला नाई, तुमीबी नसंल पाह्यला. पन गानं आयकाल तं इसरून जाल.”

मग मागून कुणीतरी शिटी मारली, “आपली हाय बे!” आणि वाळू नुसती उसळली. शेठचं तोंड मी पाहिलं नाही, कारण माझंच लपवत होतो.

काय गायली ती! पाच तास. बारा वाजायला दहा सेकंद उरले तेव्हा मी उलटे आकडे मोजले, फटाके उडाले, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि शेठच्या माणसांनी गर्दी हॉलकडे वळवली. पंधरा मिनिटांत वाळू रिकामी. बँडमधले बाकीचे जेवायला गेले. स्टेजवर आम्ही तिघं. मी वायरी गुंडाळत होतो, गफ्फारभाई ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होते, करिश्मा पाणी पीत माइकजवळ उभी होती.

एक चूक माझी. मी माइक बंद केला नव्हता.

दुसरी चूक सांगायच्या आधी तुम्हाला आमची रीत सांगितली पाहिजे. पहिला वन्स मोर परत पाठवायचा नाही. गायिका कितीही थकलेली असो, वन्स मोर आला की ती माइकवर थँक यू म्हणते. आणि एकदा थँक यू म्हटलं की मग गाणं द्यावंच लागतं. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की झोपेतून उठवून वन्स मोर म्हटलं तरी गायिका थँक यू म्हणेल.

घड्याळात बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. हॉलमधून डीजेचा धडधड आवाज येत होता. आणि तळ्याच्या पलीकडून, जिकडे नारळाच्या झाडांचे दिवे मालवले होते तिकडून, एका बाईचा आवाज आला.

“वन्स मोर.”

करिश्माच्या तोंडात पाणी होतं. तिने गिळलं, सवयीने वाकली आणि माइकवर म्हणाली, “थँक यू.”

गफ्फारभाईंचा हात ढोलकीवर थांबला.

“बेटी… ये क्या किया तूने?”

“काय केलं, चाचा?”

“वन्स मोर ले लिया. किसका लिया?”

आम्ही तिघांनी पलीकडे पाहिलं. तिकडे कुणी नव्हतं. झोपड्या रिकाम्या, खुर्च्या एकात एक रचलेल्या. पाणी काळं. मी म्हटलं, असेल कुणी उरलेलं.

मग मला लाटांचा आवाज टोचायला लागला. इतका वेळ लक्षात नव्हता, आता लागला. मी उठलो आणि स्पीकरचं बटण बंद केलं.

आवाज थांबला नाही.

मी वायर उपटली. हातात वायर घेऊन उभा. आवाज चालूच. आणि मला कळलं की हा लाटेचा आवाज नाही. लाट येते, जाते. हे पाणी येत नव्हतं, जात नव्हतं. वाहत होतं. एका बाजूने दुसऱ्या बाजूला. दगडांवरून. गढूळ पाण्याचा वास आला, डिसेंबरच्या कडाक्यात.

हॉलमधला डीजे चालू असणार. दिवे लुकलुकताना दिसत होते. आम्हाला मात्र तो ऐकू येत नव्हता.

आणि पलीकडून सूर लागला. माइक नाही, पेटी नाही. नुसता गळा. खरखरीत, मोठा, शेवटच्या ओळीतल्या माणसापर्यंत पोचायची सवय असलेला.

“कोनाची गं, कोनाची, बाई सांग तू कोनाची?
बापाची का दाल्ल्याची, का चार गावच्या जनांची?”

दाल्ला म्हणजे नवरा, हे तुमच्यातल्या पुण्याकडच्यांसाठी सांगतो. आणि प्रश्नाचा अर्थ सांगायची गरज नाही. रात्री गाणाऱ्या बाईला हा प्रश्न सगळे विचारतात. तोंडाने विचारत नाहीत इतकंच.

गफ्फारभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

“पार्बताबाई,” ते म्हणाले. “या अल्ला. पार्बताबाई.”

“कोन पार्बताबाई, चाचा?”

ते सांगू लागले. तुटक, थांबत थांबत. मी आहे तसं सांगतो.

“सन चौऱ्याहत्तर. जून लागला व्हता. किल्ल्याच्या खाली, नदीत… पानी नव्हतं, सूखी रेत. यही रेत, बेटी. शेठनं वहीं से उठवली. दोन स्टेज मांडले व्हते, आमनेसामने. इकडून आमचे उस्ताद, तिकडून पार्बताबाईची पार्टी. सामना. ह्यानं सवाल टाकायचा, त्यानं जबाब द्यायचा. रातभर चालला. बाईनं एक सवाल सोडला नाई. पहाट झाली अन् उस्ताद हारून राहिले व्हते… मंग त्याईनं हा सवाल टाकला.”

पलीकडे शांत होतं. नुसतं पाणी.

“सवाल नव्हता तो. गाली व्हती. बाईचा नवरा मेलेला, पार्टी तिची सोताची. हजार लोकं हासले. मी एकोनीस वर्साचा. मी ठेका धरला व्हता… मीबी हासलो.”

“मंग?”

“गप झाली. उठली. अंधारात, पात्रातून वर चालत गेली. वर कुठंतरी पानी झालं व्हतं. तासाभरानं पूर आला.” त्यांनी खिशावर हात ठेवला, पानाच्या डब्यावर. “विडा माह्या हातात राहिला.”

विड्याचं असं, की सामन्यात चांगला जबाब बसला की सवाल टाकणारी पार्टी उठून विडा पाठवायची. जबाब देणारा तो अर्धा खायचा आणि अर्धा परत पाठवायचा. अर्धा परत आला म्हणजे रात्रभर एकमेकांना जे काही बोललो ते विसरलो, मनात काही नाही. उस्तादांच्या पार्टीत विडा न्यायचं काम सगळ्यांत लहान असलेल्या गफ्फारकडे होतं.

पलीकडून पुन्हा आलं.

“कोनाची गं, कोनाची…”

या वेळी जवळून. तळ्याच्या अलीकडून.

करिश्माने जबाब द्यायला तोंड उघडलं.

आवाज नाही.

तिने गळ्याला हात लावला. खाकरली. खाकरल्याचाही आवाज नाही. ओठ हलतायत. डोळे मोठे झालेले. मला पायल दिसली. फोनकडे बघत बसलेली पायल.

मी तिचा दंड धरला. “चल. पळू. चल, पोरी.”

तिने माझा हात झटकला. इतक्या जोरात, की माझा तोल गेला. मग तिने पायातली सँडल काढली आणि अनवाणी पायाने स्टेजच्या फळीवर ठोका दिला. एक. दोन. तीन. गफ्फारभाईंकडे पाहिलं. बोटाने ढोलकी दाखवली.

ते मान हलवत होते. नाही, नाही.

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. तोंड त्यांच्या कानाशी नेलं. आवाज नव्हता, नुसता वारा होता, पण मला ऐकू आलं.

“चाचा… तवा धरला व्हता नं ठेका? आता माह्यासाठी धरा.”

म्हातारा रडत होता. रडत रडत त्याने दोऱ्या ओढल्या. थाप पडली.

तिसरी हाक आली. स्टेजच्या पायरीपासून. वाळू ओली होत होती, मी पाहिलं. कोरडी वाळू, माझ्या डोळ्यांसमोर, ओली…

“कोनाची… गं… कोनाची…”

करिश्मा उभी राहिली. माइक बाजूला ढकलला. माइक नकोच होता तिला. छाती भरून श्वास घेतला. पहिला सूर फाटला. नुसता घोगरा ओरखडा. तिने तो सोडला नाही. फाटका तर फाटका. त्याच फाटक्या सुरावर ती उभी राहिली आणि ढोलकीच्या ठेक्यावर पाय आपटत आवाजाला अक्षरशः ओढून वर आणलं.

“ना बापाची, ना दाल्ल्याची, ना चार गावच्या जनांची!
माह्या गळ्याची मी मालकीन, मी माह्याच मनाची!”

ठेका थांबला.

पाणी थांबलं.

काहीच नाही. मग पायरीजवळून… अगदी हळू. आधी जीभ चाचपडावी तसं. मग जरा मोठ्याने. मग त्या जुन्या, मोठ्या, शेवटच्या ओळीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात…

“मी… माह्याच मनाची.”

एकदाच.

आणि हॉलमधला डीजे धाडकन कानांवर आला. मी दचकून खालीच बसलो. लोक नाचत होते, शिट्ट्या मारत होते. बारा एकतीस.

करिश्मा घामाने भिजली होती. “आलं काय, काका?” ती म्हणाली. तिचा आवाज! घोगरा, पण तिचा. “बराबर बसला नं?”

“बसला, बाई,” मी म्हटलं. “लय बसला.” माझंही शुद्ध बोलणं गेलं होतं.

गफ्फारभाईंनी डबा उघडला. कपुरी पान काढलं. दोनदा कात सांडला. चुना, कात, सुपारी, वर लवंग टोचली. मग त्यांनी बूट काढले. मी त्यांना त्या वाळूवर अनवाणी पहिल्यांदा पाहिलं. म्हातारा तळ्याला वळसा घालून चालत पलीकडे गेला, एकटा, विडा दोन्ही हातांत धरून. नारळांच्या झाडांखाली वाकून त्याने तो वाळूवर ठेवला.

“बाई,” तो म्हणाला, आम्हाला इकडे ऐकू आलं, “जबाब बसला. देर झाली.”

परत आला तो ढोलकी उचलू शकला नाही, इतके हात गळाले होते. आम्ही ढोलकीला तिची कापडी गवसणी घातली, दोरी आवळली आणि ती स्टेजवरच राहू दिली. दोन वाजता वेटर लोकांनी दाताळी ओढली. फाटकाला कुलूप लागलं. आम्ही तिघं ऑफिसच्या खोलीत बसून राहिलो. कुणी झोपलं नाही. करिश्मा मधूनमधून हळूच एखादा सूर लावून बघायची आणि लागला की गप्प व्हायची.

सकाळी सातला धुकं होतं. आम्ही बाहेर आलो.

वाळू सारखी. रेघाच रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसाचं, कुत्र्याचं, पाखराचं, एकही पाऊल नाही. गफ्फारभाईंच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं. ते अर्धा विडा शोधत होते. अठ्ठेचाळीस वर्षं ते त्या अर्ध्याची वाट पाहत होते.

पलीकडे विडा नव्हता. वेटर लोक म्हणाले, आम्ही पाहिला नाही, उचलला नाही. खरं बोलत असतील.

आम्ही स्टेजवर चढलो. ढोलकी होती तिथेच होती. गवसणी मात्र शेजारी, नीट घडी घालून ठेवलेली. आणि ढोलकीच्या चामड्यावर, बरोबर मधोमध, जिथे त्यांची थाप पडायची तिथे, पानाची लाल पिचकारी.

मी म्हटलं, पुसतो. गफ्फारभाईंनी माझा हात धरला.

“रहने दो,” ते म्हणाले. वाकून त्यांनी डाग जवळून पाहिला. मग त्यांना हसू आलं. डोळ्यांतून पाणी, आणि हसू. “खाल्ला. पुरा खाल्ला तिनं. अर्धा नाई धाडला.”

“म्हंजे माफ नाई केलं, चाचा?” करिश्माने विचारलं.

“काहून करंल?” म्हातारा म्हणाला. “बराबर केलं तिनं.”

काय रे प्रीतम? पायलचा आवाज? आला. हळूहळू, होळीपर्यंत आला. डॉक्टर म्हणतात औषधाने आला. असेल. अजून क्लासच्या ऑफिसातच आहे, पण रविवारी गाते, आणि फोनही आता स्वतः उचलते. धर्मेंद्रशेठने जानेवारीतच ती वाळू काढून टाकली, लॉन लावलं, आता तिथे लग्नं होतात. करिश्मा गाते. कुठे गाते म्हणून विचारू नका, जिथे जागा मिळेल तिथे. आणि कुणी तिचं नाव चुकवलं तर कार्यक्रम थांबवून आधी नाव दुरुस्त करून घेते. मी परत कधी कुणाला रोझी म्हटलं नाही.

गफ्फारभाई मागच्या रमजानात गेले. जाण्याआधी ढोलकी माझ्याकडे देऊन गेले. म्हणाले, वाजवू नका, पुसू नका. खाली माझ्या खोलीत आहे, कपाटावर, लाल कपड्यात. तुम्ही रोज तिच्याखालून पाणी भरायला जाता.

पानाचा डाग दोन दिवसांत तपकिरी पडतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आपल्या जिन्यातच किती आहेत. हा मात्र, तीन वर्षं होत आली तरी, लाल आहे.

बोट लावलं तर बोटाला लागतो.